शॉर्टसर्किट म्हणून मोकळं होऊ नका, आधी धुराड्याचं भोक बघा

मा. संपादकसाहेब,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली की आमच्याकडं गुऱ्हाळं सुरू होतात आणि मग हंगामात कधी ना कधी जिल्ह्याच्या पानावर ती चार ओळींची बातमी येतेच, अमुक गावात गुऱ्हाळघराला आग, शेड, चिपाड (रस काढून उरलेला उसाचा चोथा) आणि गूळ जळून इतक्या लाखांचं नुकसान, शॉर्टसर्किटने आग लागल्याचा अंदाज. ही बातमी वाचली की माझ्या पोटात कालवतं, कारण आमच्या स्वतःच्या गुऱ्हाळाबद्दल पण हेच छापून आलं होतं, आणि ते खरं नव्हतं. बातमीदाराची चूक नव्हती, त्यानं पंचनाम्यात होतं ते लिहिलं. पण पंचनामा करायला आलेल्या साहेबांनी वर मान करून पत्र्यातल्या भोकाकडं बघितलंच नाही, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहितोय, शक्य झालं तर पूर्ण छापा ही विनंती.

२०१७ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. आमच्या फिडरला त्या आठवड्यात रात्रीची लाईट नव्हती, ती पहाटे यायची, त्यामुळं चरक डिझेल इंजिनवर चालू होता आणि काहिलीवर, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईवर, उजेडाला बॅटरीचा दिवा टांगलेला. म्हणजे शेडमधल्या वायरीत करंटच नव्हता, शॉर्टसर्किट व्हायला करंट तर पाहिजे ना! रात्री साडेदहाच्या सुमाराला चौथं आधण, म्हणजे काहीलभर रसाची चौथी खेप, चढलेलं, रस खळखळ उकळतोय, चुलाणात जाळ फुल, गूळ शिजवणारे गुळवेमामा भेंडीचं पाणी टाकून मळी काढत होते. तेच पहिल्यांदा बोलले, "पोरांनो, लाकूड भाजल्याचा वास येतोय." आम्हाला वाटलं चिपाडात कुठलं तरी ओंडकं गेलं असेल. पाच मिनिटांनी धुराड्याशेजारच्या वाशावरनं लाल निखारे खाली पडायला लागले, सरळ काहिलीत. वर बघितलं तर वासा आतल्या आत कोळशासारखा फुललेला, आणि वारं लागलं तसा त्यानं भडका घेतला. त्या वाशावरनं रिपा, रिपांवरनं पलीकडची पाचटाची, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याची, पडवी, तिथनं चिपाडाची गंज. एका गड्यानं घाबरून बादलीभर पाणी वर फेकलं, ते अर्धं उकळत्या काहिलीत पडलं आणि रस उसळून त्याच्याच हातावर आला, कोपरापर्यंत भाजला बिचारा, दोन महिने कामाला हात लावता आला नाही. अग्निशमनची गाडी यायला पाऊण तास, तोवर जे जळायचं ते जळून गेलेलं. आमच्या आबांनी चाळीस वर्षं गुऱ्हाळ चालवलं होतं, त्या रात्री ते बांधावर बसून नुसते बघत होते.

आग कशी लागली ते मी दुसऱ्या दिवशी स्वतः शिडी लावून बघितलं. आमचं धुराडं म्हणजे एक फूट व्यासाचा लोखंडी पाइप, चुलाणाच्या मागच्या तोंडातनं निघून सरळ वर पत्र्यातनं बाहेर. पत्रे निलगिरीच्या वाशांवर. पाइप आणि वासा यांच्यात दोन बोटांचं अंतर, तेवढंच. आणि त्या दोन बोटांत काय होतं, तर ओलं गोणपाट, माती आणि वरनं डांबर! हे आम्हीच केलेलं. कारण त्या भोकातनं पाऊस गळायचा, म्हणून दरवर्षी हंगामाआधी बोळे कोंबायचे आणि डांबर ओतायचं. गळती थांबायची महिनाभर, परत फट पडायची.

ती फट का पडायची हे मला लई उशिरा कळलं. लोखंड तापलं की वाढतं हे शाळेत शिकलेलो, पण किती वाढतं ते कधी मोजलं नव्हतं. २० फुटांचा पाइप ४०० अंशांनी तापला की जवळपास ३० मिलिमीटर, म्हणजे इंचापेक्षा जास्त लांब होतो, आणि जाळ विझला की परत आकसतो. आमच्या फॅब्रिकेशनवाल्यानं पाइपाला पट्टी वेल्ड करून ती पत्र्यालाच नट मारून आवळली होती, म्हणजे रोज प्रत्येक आधणाला तो पाइप पत्रा इंचभर वर ढकलायचा आणि परत खाली ओढायचा, मग पत्रा फाटणार नाही तर काय होणार. पत्रा फाटला म्हणून गळती, गळती म्हणून गोणपाट, गोणपाट आणि डांबर म्हणून आग. मूळ चूक त्या एका वेल्डिंगची आणि दोन बोटांच्या अंतराची.

लोक म्हणतात आठ वर्षं काही झालं नाही, मग त्याच दिवशी कसं झालं? तर लाकूड पेटायला साधारण २५० ते ३०० अंश लागतात हे खरं, पण रोज थोडं थोडं भाजत राहिलेलं लाकूड हळूहळू कोळशाच्या जातीचं होत जातं आणि असं झालेलं लाकूड त्यापेक्षा बऱ्याच कमी उष्णतेला पेट घेतं. म्हणजे "इतकी वर्षं काही झालं नाही" हा भरवसा नाही, उलट प्रत्येक हंगामाला तो वासा पेटायच्या जवळ जवळ येत असतो. आमच्या वाशाचा अर्धा जळका तुकडा मी ठेवलाय, बाहेरनं निलगिरी दिसते आणि पाइपाच्या बाजूनं चार बोटं खोल काळा भुगा, नखानं उकरता येतो.

आता यावर उपाय काय आणि तो परवडतो का. नवीन गुऱ्हाळ बांधणार असाल तर माझं स्पष्ट मत आहे की पत्र्याला भोकच पाडू नका, चुलाणाचा धूर जमिनीखालच्या बोळातनं शेडच्या बाहेर काढा आणि विटांचं धुराडं बाहेर उभं करा, जुनी जाणती माणसं असंच करायची. पण ज्यांचं शेड उभं आहे, चुलाण मध्यात आहे, जागा नाही, त्यांना पाइप पत्र्यातनंच न्यावा लागतो, आणि सरळ उभा पाइप ओढ पण चांगली देतो, भिंतीतनं कोपरे घालून बाहेर काढला तर प्रत्येक कोपऱ्यात काजळी साठते आणि धूर परत काहिलीवर येतो. तर मग पत्र्यातनंच न्या, पण नीट न्या.

हे नीट नेणं मी कुणाकडनं शिकलो तेही सांगतो. माझा भाचा अमेरिकेत व्हरमाँटला असतो. तिथं मेपल नावाच्या झाडाचा रस काढून आटवतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये, रात्री बर्फ आणि दिवसा ऊन अशा दिवसांत तो रस झरतो. आपल्याकडं पाच-सहा लिटर रसाला किलोभर गूळ पडतो, त्यांच्याकडं ४० लिटर रस आटवावा तेव्हा लिटरभर पाक, म्हणजे जाळ किती घालावा लागत असेल बघा. आणि घर सगळं लाकडाचं. आग लागल्यानंतर महिन्याभरानं भाच्यानं शेजारच्या शेतकऱ्याच्या आटवणीच्या घरातनं मला व्हिडिओ कॉल लावला, मी त्याला म्हटलं मला काहील नको दाखवू, धुराडं छपरातनं कसं गेलंय ते दाखव. तर त्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं शिडी लावली, वर चढला, आणि खाली जाळ पूर्ण असताना धुराड्याच्या सगळ्यात जवळच्या लाकडी वाशावर तळहात टेकवून तसाच ठेवला. बराच वेळ. काही बोलला नाही, नुसता हात ठेवून माझ्याकडं बघत होता. मला त्या एका हातात सगळं कळलं.

त्यांचा नियम असा की एकेरी पत्र्याच्या गरम पाइपापासून लाकूड किंवा जळणारी कुठलीही वस्तू चारी बाजूंनी १८ इंच लांब पाहिजे. आपल्या एक फुटी पाइपाला म्हणजे १२ अधिक १८ अधिक १८, चार फुटांचा चौकोन लाकडापासून पूर्ण मोकळा. मी तसंच केलं. मधला वासा आणि रिपा कापल्या, चारी बाजूंनी लोखंडी अँगलची चौकट बसवली, कापलेल्या वाशांचा भार त्या चौकटीवर घेतला. त्या चौकोनात लाकूड नाही, बांबू नाही, फायबरचा पारदर्शक पत्रा तर अजिबात नाही, फक्त जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पत्रा. ज्यांचं छप्पर जुन्या सिमेंटच्या, म्हणजे ॲस्बेस्टॉसच्या पत्र्याचं आहे त्यांनी तो पत्रा तिथं ठेवूच नये, तापला की तो तडकून फुटतो आणि करवतीनं कापला तर त्याची धूळ फुप्फुसाला घातक, तो अख्खा उतरवा आणि त्या जागी जीआय घाला.

मग चौकटीच्या मध्ये मी २०० लिटरचं तेलाचं जुनं बॅरल दोन्ही तोंडं कापून उभं बसवलं. या बॅरलचा व्यास २३ इंचांच्या आसपास, आत १२ इंची पाइप, म्हणजे सगळीकडनं साडेपाच इंच मोकळी हवा. बॅरल पत्र्याच्या खाली फूटभर आणि वर फूटभर असं, खालनं वरनं उघडं, गरम पाइपाभोवतीनं गार हवा खालनं वर सतत वाहत राहते, त्यामुळं बॅरल हाताला कोमट लागतं बस. इथं एक गोष्ट जीव तोडून सांगतो, बॅरल कशाचं होतं ते विचारल्याशिवाय घेऊ नका. थिनर, केमिकल किंवा पेट्रोलचं रिकामं बॅरल गॅस कटरनं कापायला गेलं की आतल्या वाफेचा स्फोट होतो, माणूस जागेवर जातो. खाण्याच्या तेलाचं घ्या, सोड्याच्या गरम पाण्यानं धुवा, आणि शक्यतो छिन्नी-हातोड्यानं तोंड काढा.

बॅरल पत्र्यातनं जिथं बाहेर येतं तिथं जीआयची झालर, तिची वरची कड वरच्या पत्र्याखाली घुसवायची आणि खालची कड खालच्या पत्र्यावर सोडायची, पाणी आपोआप निघून जातं. ही जागा गरम होत नाही, त्यामुळं इथं नेहमीचं सीलंट चालतं. खरं गरम काम वर आहे, पाइपाला. बॅरलच्या तोंडावर पाइपाला एक पत्र्याची छत्री आवळायची, ३० इंच व्यासाची, बॅरलपेक्षा मोठी, पण बॅरलला टेकवायची नाही, मध्ये तीनेक इंच हवेला जागा सोडायची. छत्री आणि पाइपाच्या सांध्यात ग्लास फायबरची दोरी, डांबर नाही, एम-सील नाही. छत्री पाइपाबरोबर वर-खाली होते, बॅरल जागेवर राहतं, कुणी कुणाला ओढत नाही. त्या पावसाळ्यापासून आजपर्यंत आमच्या चुलाणात वरनं एक थेंब पाणी आलेलं नाही, आणि गोणपाट कोंबायची वेळही आली नाही.

पाइपाचं वजन खाली विटांच्या चौथऱ्यावर, छपरावर अजिबात नाही. छपरापाशी फक्त तीन सैल टेकू, पाइप मध्यात राहावा म्हणून. वर तीन बाजूंना तारेचे ताण, कारण वळवाच्या पावसाआधी जे वारं सुटतं ते सगळ्यांना माहिती आहे. उंचीचा व्हरमाँटवाल्यांचा हिशोब सोपा आहे, पाइप जिथं छपराच्या बाहेर येतो तिथनं किमान तीन फूट वर, आणि दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल, आढं असो की शेजारचा माळा, त्याच्यापेक्षा दोन फूट वर. गुऱ्हाळाला ओढीसाठी याच्यापेक्षा उंच लागतंच.

पाइप जीआयचा घेऊ नका. स्वस्त आणि चकचकीत दिसतो म्हणून लोक घेतात, पण जस्त ४२० अंशांना वितळतं आणि त्याचा धूर माणसाला ताप आणतो. काळा एमएस, म्हणजे साध्या लोखंडाचा पत्रा, तीन मिलिमीटर, तो टिकतो. तोंडाला अर्ध्या इंचाची जाळी पाहिजेच, कारण चिपाड हलकं, अर्धवट जळलेलं चिपाड ओढीबरोबर वर जातं आणि ठिणगी होऊन वाळत घातलेल्या चिपाडावर नाहीतर शेजारच्याच्या पाचटावर पडतं. आणि ही जाळी काजळीनं बुजते, आठवड्याला काढून झटकायची, नाहीतर धूर मागं फिरून जाळ घालणाऱ्या गड्याच्या तोंडावर येतो. ओलं चिपाड जाळलं तर काजळी दुप्पट, शिवाय तीच काजळी एखाद्या दिवशी धुराड्यातच पेटते. चिपाड दोन दिवस जास्त वाळवा पण ओलं ढकलू नका. टायर, चपला, प्लॅस्टिक जाळणारे पण आहेत, ते बंदच झालं पाहिजे, तो धूर आपल्याच लेकराबाळांच्या छातीत जातो.

खर्च विचाराल तर पाइप सोडून, अँगल भंगारातला नऊशेचा, बॅरल आठशेचं, जीआय पत्रा पंधराशे, तारा, क्लॅम्प, दोरी मिळून साताठशे, आणि फॅब्रिकेशनवाल्याची दोन दिवसांची मजुरी दोन हजार. म्हणजे त्या वर्षीच्या भावानं सहा हजाराच्या आत. आज समजा त्याच्या दुप्पट धरा. तरी एका काहिलीच्या दोन आधणांच्या गुळात हा खर्च निघतो. आणि आमचं त्या रात्री गेलं किती तर शेड, पडवी, पूर्ण हंगामाचं जळण आणि उरलेला महिनाभराचा धंदा, तोडणीला आलेला ऊस पडत्या भावात दुसऱ्याच्या गुऱ्हाळाला घालावा लागला ते वेगळंच.

विम्याचं तर विचारू नका. शॉर्टसर्किट लिहिलं होतं म्हणून वायरिंगची कागदं मागत राहिले, आणि वायरिंग जळालंच नव्हतं, ते शाबूत होतं! दीड वर्ष खेटे घालून आबांनी नाद सोडला.

म्हणून माझी आपल्याला आणि आपल्यामार्फत बाकीच्यांना कळकळीची विनंती आहे. गुऱ्हाळाच्या आगीचा पंचनामा करताना तीन गोष्टी लिहिल्या जाव्यात, त्या वेळी लाईट होती का, धुराडं छपरातनं जात होतं का, आणि पाइपापासून सगळ्यात जवळचं लाकूड किती इंचांवर होतं. टेप लावून मोजायला दोन मिनिटं लागतात. आपल्या बातमीदारांनीही हाच प्रश्न विचारावा, एका हंगामात आपोआप कळेल की किती आगी वायरीच्या आणि किती धुराड्याच्या. आणि कोल्हापुरात प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे, तिथले शास्त्रज्ञ चुलाणं सुधारण्यावर, जळण वाचवण्यावर सांगत असतात, त्यांनी छपरातनं जाणाऱ्या धुराड्याचं एक पानी चित्र मापांसकट काढून द्यावं, मराठीत, फॅब्रिकेशनवाल्याच्या भिंतीवर चिकटवता येईल असं. कारण खरा निर्णय तिथं होतो, शेतकरी म्हणतो "भोक पाडून दे" आणि वेल्डर पाडून देतो, मापं दोघांनाही माहिती नसतात.

शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवली, गुळाची पेठ उभी राहिली, २०१४ ला कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, या सगळ्याचा आम्हाला अभिमान आहेच. पण ज्या छपराखाली तो गूळ शिजतो, जिथं आठ-दहा माणसं रात्रंदिवस राबतात, त्यातली कितीतरी बाहेरगावची, बायकापोरांसकट शेडच्या कडेलाच झोपणारी, त्या छपराच्या भोकाकडं कुणी बघितलं नाही. आमचा जो गडी भाजला त्याची दोन लहान पोरं त्या रात्री पडवीत झोपलेली, गुळवेमामांनी दोघांना काखेत मारून बाहेर आणलं म्हणून वाचली. हे मी आजवर कुठं लिहिलं नव्हतं.

ज्यांचं धुराडं पत्र्यातनं जातं त्यांनी या हंगामात पहिलं आधण चढलं की, जाळ पूर्ण असताना, शिडी लावून पाइपाजवळच्या वाशाला हात लावून बघा. पाइपाला नाही, लाकडाला. हात ठेवता आला नाही तर जाळ ओढा, ते आधण जाऊ दे, आणि आधी लाकूड कापा. आणि काहिलीजवळ पाण्याच्या बादल्यांऐवजी वाळूच्या बादल्या भरून ठेवा, चार पुरे.

आमचं गुऱ्हाळ कार्तिकात सुरू होतंय. कुणाला चौकट, बॅरल, छत्री बघायची असेल, मापं घ्यायची असतील तर आपल्या कार्यालयाकडं माझा पत्ता दिलेला आहे, खुशाल यावं, फॅब्रिकेशनवाल्याला बरोबर घेऊन यावं. शिडी तिथंच असते आणि तो जळका वासा पण गोठ्यात आहे, तोही दाखवीन.

आपला नेहमीचा वाचक,
एक गुऱ्हाळवाला शेतकरी,
ता. करवीर, जि. कोल्हापूर